परदेशी बसून काम: कोणाला जमतं, कोणाला परवडतं

जुलै २०२४ मध्ये थायलंडने 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' सुरू केला. मुदत पाच वर्षं, एका प्रवेशावर १८० दिवसांचा मुक्काम, शुल्क १०,००० बात आणि बँकेत निदान ५ लाख बात असल्याचा पुरावा. त्याआधी २०२२ मध्येही तिथे अशी एक सोय निघाली होती, पण तिला वर्षाला ८०,००० डॉलरची कमाई लागायची. नव्या व्हिसाने सर्वसाधारण कमाईच्या माणसालाही दार उघडलं. बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणारी माणसं चियांग माईच्या निम्मानहेमिन रस्त्यावरच्या कॉफीच्या दुकानांत त्याच्या कितीतरी आधीपासून बसलेली होती. पर्यटक म्हणून यायचं, मुदत संपत आली की शेजारच्या देशाची हद्द गाठायची, शिक्का मारून परतायचं, असा वर्षानुवर्षांचा क्रम होता. कायद्याने त्यांचं काम बेकायदा होतं, पण कोणी फारसं विचारत नव्हतं.

अशा लोकांना आपण आता डिजिटल नोमॅड म्हणतो. हे नाव मोबाइलच्या पिढीचं वाटतं, पण १९९७ मध्ये जपानी अभियंते त्सुगिओ माकिमोतो आणि ब्रिटिश पत्रकार डेव्हिड मॅनर्स यांनी याच नावाचं पुस्तक लिहिलं. यंत्रं लहान होतील, जोडणी स्वस्त होईल आणि माणसाला कामासाठी एका जागी राहण्याची गरज उरणार नाही, हे त्यांचं भाकीत होतं. यंत्रांबद्दल ते अक्षरशः खरं ठरलं. २००७ मध्ये टिमोथी फेरिस यांच्या चार तासांच्या आठवड्याच्या पुस्तकाने तरुणांच्या डोक्यात स्वप्न पेरलं. २०१३ मध्ये बालीतल्या उबुदला हुबुद नावाची बांबूची सामायिक कामाची जागा उभी राहिली. २०१४ मध्ये पीटर लेव्हेल्स या डच प्रोग्रॅमरने शहरांचा खर्च, हवा आणि इंटरनेटचा वेग मांडणारी 'नोमॅड लिस्ट' सुरू केली. तरीही २०२० च्या मार्चपर्यंत हा मामला हौशी, एकट्या आणि बहुतांशी गोऱ्या तरुणांचा होता.

मग कोविडमुळे विमानं थांबली आणि पर्यटनावर जगणाऱ्या देशांची तिजोरी रिकामी झाली. जुलै २०२० मध्ये बार्बाडोसने बारा महिन्यांचा 'वेलकम स्टॅम्प' जाहीर केला. वर्षाला ५०,००० डॉलर कमावत असाल तर २,००० डॉलर शुल्क भरा आणि समुद्रकाठी बसून आपल्या कंपनीचं काम करा. पुढच्याच महिन्यात एस्टोनियाने असा व्हिसा दिला. परक्यांना आपल्या देशात कंपनी काढण्यासाठी ई-रेसिडेन्सी देणारा हा देश २०१४ पासूनच या वाटेवर होता. क्रोएशिया, ग्रीस, दुबई, मॉरिशस, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन, जपान, इटली अशी रांग लागली. आज पन्नासहून अधिक देशांत अशी काही ना काही सोय आहे. अमेरिकेत एमबीओ पार्टनर्स ही संस्था दरवर्षी पाहणी करते. तिच्या हिशेबाने २०१९ मध्ये स्वतःला नोमॅड म्हणवणारे अमेरिकन ७३ लाख होते, २०२४ मध्ये १ कोटी ८१ लाख. ही संख्या लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली आहे आणि त्यांतले बरेच जण अमेरिकेच्या हद्दीतच फिरतात, एवढं ध्यानात ठेवून ती वाचावी.

हे सगळं तंत्रज्ञानामुळे शक्य झालं असं सांगितलं जातं, आणि ते अर्धंच खरं आहे. वायफाय पुण्यातही आहे आणि नागपुरातही. या जीवनपद्धतीला खरा जोर मिळतो तो दोन चलनांमधल्या अंतरातून. न्यूयॉर्कच्या दराने मिळवायचं आणि चियांग माईच्या दराने खर्चायचं, म्हणजे मध्यम पगाराचा अमेरिकन माणूस तिथे श्रीमंतासारखा राहतो. पोर्तुगाल किंवा स्पेनमध्येही त्याच्या हातात बरंच उरतं. रुपयात पगार घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे गणित बहुतेक ठिकाणी उलटं फिरतं, आणि मराठीत या विषयावर जे उत्साहाने बोललं जातं त्यात हीच गोष्ट सुटून जाते.

व्हिसांच्या अटी रुपयांत मांडून बघितल्या की चित्र स्पष्ट होतं. पोर्तुगालच्या डी-८ व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक कमाई लागते. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे अट ३,४८० युरोंची. युरोला शंभर रुपये धरले तर महिना साडेतीन लाख. स्पेनची अट किमान वेतनाच्या दुप्पट, म्हणजे त्याच वर्षी सुमारे २,७६० युरो. दुबईला महिना ३,५०० डॉलर. इंडोनेशियाच्या दूरस्थ कामाच्या व्हिसाला वर्षाला ६०,००० डॉलर, म्हणजे पन्नास लाख रुपयांच्या वर. मलेशियाच्या 'डीई रांताऊ'ला तंत्रज्ञान क्षेत्रातल्या माणसासाठी वर्षाला २४,००० डॉलर, वीस लाखांच्या वर. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसाला महिना १,५०० डॉलर. थायलंड मिळकतीऐवजी शिल्लक बघतं, तीही साडेतेरा-चौदा लाख रुपये होते. हिंजवडीत आठ-दहा वर्षं घालवलेल्या इंजिनिअरला यांतली दोन-तीन दारं उघडी आहेत. पाच वर्षांच्या अनुभवाचा ग्राफिक डिझायनर, अनुवादक किंवा कंटेंट लिहिणारा माणूस मात्र जवळजवळ सगळीकडे उंबऱ्याबाहेर राहतो.

कमाई पुरेशी असली तरी पासपोर्ट आडवा येतो. जपानने मार्च २०२४ मध्ये सहा महिन्यांचा नोमॅड व्हिसा काढला. वार्षिक कमाई १ कोटी येन हवी, आणि अर्जदार अशा देशाचा हवा ज्याला जपानने व्हिसामाफी दिली आहे. भारत त्या यादीत नाही, तेव्हा पगार कितीही असला तरी भारतीय नागरिकासाठी ती योजना नाहीच. युरोपियन नोमॅड तीन महिने टोकियोत, दोन महिने सोलमध्ये असा बेत आठवड्यात ठरवतो. भारतीय माणसाला प्रत्येक टप्प्याला बँकेचे कागद, आयटीआर, कंपनीचं पत्र आणि बोटांचे ठसे. थोडा फरक पडला आहे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली, आणि एप्रिल २०२४ पासून शेंगेन व्हिसा नीट वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा व्हिसा मिळण्याची वाट सोपी झाली. पण पर्यटक व्हिसा कामाचा परवाना नसतो, आणि शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा कायम आहे.

पासपोर्टने किती फरक पडतो ते गोव्याहून चांगलं कुठे दिसत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली माणसं, त्यांची मुलं आणि नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेऊ शकतात. ज्यांनी घेतलं त्यांना युरोपियन युनियनमध्ये कुठेही राहायला आणि काम करायला विचारावं लागत नाही; त्यांना कोणत्याच नोमॅड व्हिसाची गरज नाही. त्याची किंमतही आहे, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. म्हापशाच्या एकाच घरातल्या दोन मावसभावांकडे एकच शिक्षण आणि एकच लॅपटॉप असू शकतो, आणि एकाला लिस्बन मोकळं तर दुसऱ्याला साडेतीन लाखांची अट.

नोकरी कोणाची यावरही बरंच ठरतं. भारतीय कंपनीत पगारी असलेल्या माणसाला सहसा परवानगीच मिळत नाही, आणि त्यामागे निव्वळ अविश्वास नसतो. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून मोठा काळ काम करत राहिला तर त्या देशाचं करखातं म्हणू शकतं, की तुमच्या कंपनीचं इथे कायम ठाणं आहे, तेव्हा नफ्यावर कर भरा. ग्राहकाशी झालेल्या करारात माहिती अमुक देशांतूनच हाताळायची असं कलम असतं. शिवाय वारं फिरलं आहे. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. व्हीपीएन लावून गुपचूप बाहेरून काम करणारे असतात, पण लॉगिनचा पत्ता आयटी विभागाला दिसतो आणि नोकरी जाते. परदेशी कंपनीत थेट कामाला असलेले, किंवा डीलसारख्या मध्यस्थ कंपनीमार्फत करारावर असलेले, यांची स्थिती बरी. सगळ्यात मोकळा तो डॉलरमध्ये बिल करणारा स्वतंत्र व्यावसायिक. चलनांमधल्या अंतराचा फायदा भारतीयांपैकी खरा याच वर्गाला आहे, मात्र त्याला तो पुण्यात किंवा कोल्हापुरात बसूनही तितकाच, कदाचित जास्तच, मिळतो.

आता कर. या विषयावर सगळ्यात जास्त ऐकीव माहिती फिरते, म्हणून थोडं थांबतो.

पहिला गैरसमज असा, की सतत फिरत राहिलं तर कुठेच कर लागत नाही. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असाल तर तुम्ही इथले रहिवासी, आणि जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. साठ दिवस असलात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, तरीही रहिवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला या साठ दिवसांच्या अटीतून सूट मिळते, पण हातात परदेशी नोकरीचा कागद नसलेल्या फिरत्या माणसाने ती गृहीत धरू नये. वर २०२० मध्ये आणखी एक कलम आलं. ज्या भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त आहे आणि ज्याला दुसऱ्या कोणत्याच देशात रहिवासी म्हणून कर लागत नाही, तो वर्षभर बाहेर राहिला तरी कायदा त्याला मर्यादित अर्थाने इथला रहिवासी धरतो.

उलट बाजूने, अनिवासी होण्यात नेहमी फायदाच असतो असंही नाही. डॉक्टर, वकील, तांत्रिक सल्लागार अशा ठराविक व्यवसायांना जमेचा निम्मा भाग नफा धरून कर भरण्याची सवलत आहे. व्यवहार जवळजवळ सगळा बँकेतून असेल तर ७५ लाखांपर्यंतच्या जमेला. ही सवलत फक्त रहिवासी करदात्याला मिळते. बाहेर राहून तिच्यावर पाणी सोडायचं आणि स्पेनमध्ये कर भरायचा, हा सौदा मांडून बघायला हवा. परकीय चलन कायद्याखाली स्थिती बदलली की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करावं लागतं, ते वेगळंच.

जिथे जाल तिथला कायदाही गप्प बसत नाही. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस झाले की तुम्ही तिथले कर-रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेर कमावून थायलंडमध्ये आणलेल्या पैशावर तिथे कर लागतो. आधी तो पुढच्या वर्षी आणला तर सुटत असे. नव्या व्हिसाचा मुक्कामही नेमका १८० दिवसांचा आहे, हे अर्ज करताना फार थोड्यांच्या लक्षात येतं. क्रोएशियाने नोमॅडच्या परदेशी कमाईला माफी दिली. स्पेनने डेव्हिड बेकहॅमच्या नावाने ओळखली जाणारी सवलत नोमॅडनाही लागू केली, ६ लाख युरोंपर्यंत सरसकट २४ टक्के. पोर्तुगालने २००९ पासून परक्यांना दिलेली मोठी करसवलत २०२४ पासून नव्या लोकांसाठी बंद केली. भारतीय कंपनीचा पगार असेल तर बहुतेक दुहेरी कर करारांत १८३ दिवसांच्या आतल्या मुक्कामाला सूट असते, पण त्यालाही अटी आहेत. एका चांगल्या सीएची फी या बाबतीत विमानाच्या तिकिटाआधी खर्च करावी, असं मला ठामपणे वाटतं.

घड्याळाकडेही बारकाईने बघायला हवं. बालीचं आकर्षण मोठं आहे, पण सॅन फ्रान्सिस्कोत उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बालीत मध्यरात्र असते आणि पुण्यात रात्रीचे साडेनऊ. अमेरिकन ग्राहकासाठी काम करणाऱ्या माणसाला बालीपेक्षा पुणं सोयीचं. पोर्तुगालचं याच्या उलट. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे लिस्बनचे दुपारचे दोन, तेव्हा ग्राहकाबरोबरचं काम रात्री दहापर्यंत आटोपतं. पुण्याच्या कंपनीसाठी लिस्बनहून काम करायचं तर हिवाळ्यात पहाटे साडेचारला उठावं लागेल. मॉरिशस आपल्या फक्त दीड तास मागे आहे, व्हिसाची अट सगळ्यात हलकी आहे, आणि तिथे एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही गणेशोत्सव करतात. भारतीय कंपनीने परवानगी दिलेल्या मराठी कुटुंबाला तिथला विचार का सुचत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

रोजच्या अडचणी लहान असतात, पण त्या माणसाला दमवतात. भारतीय बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून ते रोमिंगवर जिवंत ठेवावं लागतं. प्रवास विमा म्हणजे आरोग्य विमा नव्हे. मधुमेहासारखा जुना आजार त्यात सहसा बसत नाही. थायलंड आणि बालीत नोमॅडच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका भाड्याच्या स्कूटरचा. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, किंवा त्यावर दुचाकीची नोंद नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चियांग माईत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर इतका दाट होतो, की ज्यांना जमतं ते शहर सोडतात. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये जुनं स्थलांतर खातं मोडून एआयएमए ही नवी संस्था आली, तेव्हा तिच्या माथी सुमारे चार लाख प्रलंबित प्रकरणं आली. परवान्याची वाट बघत कित्येकांचं वर्ष गेलं.

या साऱ्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो जिथे जायचं तिथल्या माणसांचा प्रश्न. पोर्तुगालची अट पुन्हा बघा. किमान वेतनाच्या चौपट कमावणाऱ्यालाच प्रवेश, असं सरकारने स्वतः लिहून ठेवलं. म्हणजे लिस्बनच्या अल्फामासारख्या जुन्या वस्तीत घर भाड्याने द्यायला निघालेल्या मालकासमोर दोन गिऱ्हाइकं येतात, एक ८७० युरो मिळवणारं आणि एक किमान ३,४८०. घर कोणाला जाईल हे कायद्यानेच ठरवून टाकलं आहे. २०२३ मध्ये पोर्तुगालच्या शहरांत हजारो लोक परवडणाऱ्या घरांसाठी रस्त्यावर आले. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की नोव्हेंबर २०२८ पर्यंत शहरातल्या सगळ्या १०,१०१ पर्यटक-घरांचे परवाने संपवायचे. मेक्सिको सिटीची गोष्ट अधिक बोलकी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या तत्कालीन महापौर क्लॉडिया शेनबॉम यांनी दूरस्थ काम करणाऱ्यांना शहराकडे ओढण्यासाठी एअरबीएनबी आणि युनेस्कोशी करार केला. जुलै २०२५ मध्ये रोमा आणि कोंदेसा भागांत वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला, दुकानांच्या काचा फुटल्या, आणि तोवर देशाच्या अध्यक्ष झालेल्या शेनबॉम यांना परकीयद्वेषाचा निषेध करावा लागला.

सगळा दोष नोमॅडांवर टाकणं अन्यायाचं होईल. घरबांधणी थांबलेली असते, गुंतवणूकदार इमारतीच्या इमारती विकत घेतात, अल्प मुदतीच्या भाड्याला मोकळं रान असतं, आणि पर्यटकांच्या मानाने नोमॅड मूठभरच. पण जो माणूस स्थानिक कर भरत नाही, भाषा शिकत नाही, तीन महिन्यांनी निघून जातो आणि भाडं मात्र वाढवून ठेवतो, त्याच्याबद्दल तिथल्या लोकांना राग येणं मला पूर्ण समजतं. गोव्यात २०२० नंतर आसगाव, शिवोली, हणजूण भागांत हेच घडलं. फरक इतकाच, की आलेले बहुतेक जण दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूचे होते. आपण मराठी माणसं गोव्यातल्या भाड्यांबद्दल हळहळतो आणि लिस्बनमध्ये घर शोधताना तीच गोष्ट विसरतो. माझं मत असं, की करसवलत देऊन नोमॅड बोलावणाऱ्या देशांनी ती सवलत बंद करावी, आणि आलेल्या पैशाचा भाग घरांवर खर्चावा. पोर्तुगालच्या मदेरा बेटाने २०२१ च्या फेब्रुवारीत पोंता दो सोल या छोट्या गावात नोमॅडांसाठी वस्ती वसवण्याचा प्रयोग केला. सिक्कीमने २०२५ मध्ये याकतेन गावात तसाच प्रयोग केला, तिथे गावकऱ्यांच्या घरगुती निवासांनाच पैसा मिळेल अशी रचना आहे. आधीच गच्च भरलेल्या शहरांपेक्षा ओस पडत चाललेल्या गावांना या लोकांचा उपयोग जास्त.

या धंद्यातला पहिला जोश ओसरलाही आहे. गटाने वर्षभर जग फिरवणारी रिमोट इयर ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडली. उबुदचं हुबुद २०२० मध्येच मिटलं. जे टिकले आहेत ते दर महिन्याला शहर बदलत नाहीत. एका ठिकाणी सहा महिने-वर्षभर राहतात, बाजारातली भाजीवाली ओळखू लागते इतके. मुलं असतील तर हे आपोआप होतं, कारण शाळेचं वर्ष मधेच मोडता येत नाही. आणि मराठी घरात आणखी एक हिशेब असतो, जो व्हिसाच्या कोणत्याही अर्जात नाही. सांगलीला किंवा जळगावला सत्तरीतले आई-वडील आहेत, रात्री अकराला शेजाऱ्यांचा फोन आला तर किती तासांत पोहोचता येईल? बँकॉकहून थेट विमान मिळालं तर दुसऱ्या दुपारपर्यंत. मदेराहून दोन दिवस धरावे लागतात. माझ्या माहितीतल्या अनेकांनी आग्नेय आशिया निवडला तो समुद्रासाठी किंवा स्वस्ताईसाठी नव्हे, या अंतरासाठी.

म्हणून कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. कंपनीकडून देश आणि मुदत लिहिलेली परवानगी घ्या, तोंडी नको. पहिला मुक्काम थायलंड, मलेशिया किंवा मॉरिशस असा जवळचा आणि तीन महिन्यांचा ठेवा, आणि त्या देशाचा दूरस्थ कामाचा व्हिसा काढूनच जा. इथलं घर भाड्याने देऊन टाकू नका. भारतातले आणि बाहेरचे दिवस पहिल्या तारखेपासून वहीत मांडत जा. भाडं ठरवताना आधी तिथल्या माणसाला विचारा, की तो स्वतः त्या घराचे किती देईल.